जयपूरचे रँग्लर कुलगुरू

शब्दांनाही आपले दैव असते. विद्यापीठाच्या कार्यकारी प्रमुखाला महाराष्ट्रात आपण पिढ्यानपिढ्या ‘कुलगुरू’ म्हणत आलो. हिंदी प्रदेशात त्याच पदाला ‘कुलपती’ म्हणण्याचा प्रघात पडला. आपल्याकडे कुलपती म्हणजे राज्यपाल. तिकडे राज्यपालांना कुलाधिपती म्हणतात. त्यामुळे मराठी प्राध्यापक जयपूरला किंवा लखनौला गेला की निदान पहिल्या पत्रात तरी मायन्याचा घोटाळा व्हायचाच. २०२५ च्या मार्च महिन्यात राजस्थानच्या विधानसभेने कायद्यात दुरुस्ती केली आणि कुलपती हा शब्द काढून त्या जागी कुलगुरू हा शब्द घातला. आपल्या घरातला जुना शब्द परगावी मानाने नांदायला गेलेला पाहून मराठी वाचकाला बरे वाटणे स्वाभाविक आहे.

तथापि पाटी बदलणे सोपे असते. पती या शब्दात सत्ता आहे, गुरू या शब्दात दायित्व आहे. ते दायित्व नेमके कोणते, याचा उलगडा शब्दकोशात होत नाही. त्यासाठी त्या खुर्चीवर बसून गेलेल्या माणसांच्या कारकिर्दी पाहाव्या लागतात. योगायोग असा की, जयपूरच्या ज्या खुर्चीला आज कुलगुरू हे नाव मिळाले, तिच्यावर १९४७ ते १९५३ या काळात एक मराठी गृहस्थच बसले होते. डॉ. गणेश सखाराम महाजनी हे त्यांचे नाव. पुण्यात त्यांना सारे रँग्लर महाजनी म्हणत. पुढे ते दिल्ली, उदयपूर आणि पुणे या विद्यापीठांचेही कुलगुरू झाले. एकाच माणसाने चार विद्यापीठांची धुरा वाहावी, आणि ती चारही विद्यापीठे एकमेकांहून अगदी निराळ्या घडणीची असावीत, असे उदाहरण आपल्या देशात विरळाच सापडेल.

जयपूर शहराच्या गुलाबी तटाबाहेर, मोती डुंगरीच्या टेकडीजवळ राजा पार्क नावाची वस्ती आहे. आज तेथे कपड्यांची, मिठाईची, छोले-भटुऱ्यांची दुकाने गजबजलेली असतात. गल्ल्यांना नावांऐवजी क्रमांक आहेत. पंचवटी सर्कलभोवती संध्याकाळी माणसांचा पूर लोटतो. या वस्तीचे मूळ मात्र दुःखात आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पंजाब आणि सिंध येथून जी कुटुंबे घरदार टाकून आली, त्यांनी शहराबाहेरच्या या भागात नवे संसार उभे केले. शेजारच्या तिलकनगराची हद्द ओलांडली की विद्यापीठाचा परिसर फार दूर राहत नाही. राजा पार्कची वस्ती आणि राजपुताना विद्यापीठ ही दोन्ही एकाच काळाची अपत्ये होत.

हा शेजार केवळ नकाशावरचा नाही. निर्वासित कुटुंबाच्या गाठोड्यात काय असे? थोडे दागिने, भांडी, एखादा फोटो. जमिनीचे कागद असले तरी जमीन सीमेपलीकडे राहिलेली. लाहोरच्या पंजाब विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, आणि भारताच्या वाट्याला आलेल्या तुकड्याला आरंभी सिमला–सोलनच्या डोंगरात कचेरी थाटून दिवस काढावे लागले. अशा वेळी ज्याच्याजवळ वडिलोपार्जित काहीच उरले नाही, त्या मुलाला पुढे न्यायला विद्येशिवाय दुसरे साधन नव्हते. पण विद्या असून भागत नाही. ती असल्याचे कोणीतरी विश्वासार्ह माणसाने लिहून द्यावे लागते. ज्या संस्थेच्या सहीवर मुंबईत, दिल्लीत, कलकत्त्यात कोणीही शंका घेणार नाही, अशी संस्था जवळ असणे ही त्या कुटुंबांची भाकरीइतकीच निकडीची गरज होती. विद्यापीठाचा प्रमुख कोण, हा प्रश्न अशा रीतीने थेट चुलीपर्यंत येऊन पोचतो.

आता त्या प्रमुखाची घडण पाहू. महाजनींची कर्मभूमी पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. ज्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ साली ते काढले, तिचा पायाच टिळक, आगरकर यांच्यासारख्या तरुणांच्या स्वार्थत्यागावर घातलेला. आजीव सभासदाने संस्थेला आयुष्याची उमेदीची वर्षे द्यायची आणि बेताच्या वेतनात संसार करायचा, हा तेथला दंडक. १८९९ साली केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन आलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मोठ्या सरकारी नोकरीकडे न वळता याच संस्थेत परत आले, ही गोष्ट त्या काळच्या घराघरांत मुलांना सांगितली जाई. त्याच वाटेने महाजनी केंब्रिजला गेले, गणितातले रँग्लर झाले आणि त्याच वाटेने परत आले.

त्यांचे गणित शोभेचे नव्हते. लोहचुंबकी स्फटिकांच्या सिद्धांतावरचा त्यांचा प्रबंध १९२९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. लोखंडाचा स्फटिक एका दिशेने सहज चुंबकित होतो आणि दुसऱ्या दिशेने तितका सहज होत नाही, असे का, हा त्यातला प्रश्न. विद्यार्थ्यांसाठी त्यांनी घनभूमिती आणि विश्लेषण या विषयांवर पाठ्यपुस्तकेही लिहिली. संशोधकाची दृष्टी आणि वर्गातल्या सामान्य मुलाची अडचण या दोन्हींची ओळख एकाच माणसाला असणे, ही पुढच्या कामाची मोठी पुंजी होती.

त्याच १९२९ साली, वयाच्या तिशीच्या सुमारास, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. काळ कठीण होता. पुढच्याच वर्षी सविनय कायदेभंगाची चळवळ पेटली. २२ जुलै १९३१ रोजी मुंबई इलाख्याचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन महाविद्यालय पाहायला आले असता वाडिया ग्रंथालयात वासुदेव बळवंत गोगटे या तेथल्याच विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हॉटसन बचावले. पण ज्या संस्थेच्या ग्रंथालयात हे घडले, तिच्या प्राचार्याची अवस्था कशी झाली असेल, याची कल्पना करता येते. एका बाजूला ज्याच्या अनुदानावर शिक्षण चालते ते सरकार, दुसऱ्या बाजूला ज्यांच्यासाठी संस्था चालते ते तरुण आणि त्यांच्या मागे पेटलेला देश. अशा खुर्चीवर बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते: संस्था ही कोणा एकाची नसते, म्हणून ती सर्वांसाठी राखावी लागते.

१९४७ च्या जुलै महिन्यात, स्वातंत्र्याला जेमतेम पाच-सहा आठवडे असताना, महाजनी जयपूरला राजपुताना विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आले. विद्यापीठाचा कायदा १९४६ चा. विद्यापीठ प्रत्यक्ष सुरू झाले ते ८ जानेवारी १९४७ रोजी. येथे तारखांचा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. राजस्थान हे राज्य तेव्हा अस्तित्वातच नव्हते. विसाच्या आसपास संस्थाने, प्रत्येकाचे सिंहासन वेगळे, कायदा वेगळा, खजिना वेगळा. त्यांचे विलीनीकरण १९४८ च्या मार्चपासून टप्प्याटप्प्याने होत गेले. ३० मार्च १९४९ रोजी बृहद् राजस्थानाचा समारंभ झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आजचे राज्य पुरे झाले. त्याच वर्षी विद्यापीठाचेही नाव राजस्थान विद्यापीठ झाले. म्हणजे राज्य जन्मण्यापूर्वी दोन वर्षे विद्यापीठ जन्मले होते. जोधपूर, बिकानेर, उदयपूर, कोटा, जयपूर यांना राजकारणात एकत्र यायला अजून अवकाश होता, तेव्हा त्यांच्या मुलांना एका अभ्यासक्रमाने आणि एका परीक्षेने बांधण्याचे काम एका कचेरीत सुरू झाले होते.

बाहेरचा गुणी माणूस बोलावून त्याला मोठे काम सोपवण्याची जयपूरची रीत जुनीच. १७२७ साली सवाई जयसिंहांनी शहर वसवले तेव्हा आखणीला बंगालचे विद्याधर भट्टाचार्य होते. जयसिंहांचे ज्योतिषगुरू सम्राट जगन्नाथ हे महाराष्ट्रीय घराण्यातले म्हणून सांगितले जातात. युक्लिडची भूमिती ‘रेखागणित’ या नावाने आणि टॉलेमीचा ग्रंथ ‘सम्राट्-सिद्धान्त’ या नावाने अरबीतून संस्कृतात आणण्याचे श्रेय त्यांचे. जयपूर दरबारात कलावंतांसाठी तर ‘गुणीजनखाना’ नावाचे स्वतंत्र खातेच होते. अगदी अलीकडे, १९४२ ते १९४६ या वर्षांत, म्हैसूरहून आलेले सर मिर्झा इस्माईल जयपूरचे पंतप्रधान होते. शहराचा मुख्य रस्ता आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. भूमितीचा एक दक्षिणी पंडित अठराव्या शतकात जयपुरास आला आणि दुसरा विसाव्या शतकात, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु या दोहोंत एक मूलभूत भेद होता. गुणीजनखाना कितीही उदार असला तरी तो राजाच्या कृपेवर चालत असे. महाराजांची मर्जी असेल तर कलावंताला जहागीर, नसेल तर त्याचा मुक्काम हलला. संस्थानी मुलुखातले सारे जीवनच या कृपेच्या दोरीने बांधलेले होते. नोकरी हवी तर कोणाची तरी चिठ्ठी हवी. शिष्यवृत्ती हवी तर दिवाणसाहेबांची भेट हवी. विद्यापीठ या सगळ्याहून निराळी वस्तू होती. तेथे कृपेच्या जागी नियम बसवायचा होता, आणि तोही अशा प्रदेशात, जेथे त्या नियमाला मान देण्याची सवय अजून कोणाला लागली नव्हती. महाजनींच्या जयपूरच्या कारकिर्दीचे मर्म आमच्या मते येथे आहे.

त्यापूर्वी राजपुतान्यात उच्च शिक्षण नव्हते असे नाही. जयपूरचे महाराजा महाविद्यालय १८४४ पासूनचे. जोधपूरचे जसवंत महाविद्यालय, बिकानेरचे डुंगर महाविद्यालय, उदयपूरचे महाराणा भूपाल महाविद्यालय, कोट्याचे हर्बर्ट महाविद्यालय ही सारी नावाजलेली. मुलींसाठी जयपुरात १९४४ साली महाराणी महाविद्यालय निघाले होते. पण परीक्षा परक्या विद्यापीठाची. आधी कलकत्ता, मग अलाहाबाद, आणि १९२७ पासून आग्रा. बिकानेरच्या मुलाने काय वाचायचे, ते आग्र्यात ठरायचे. ज्याची बुद्धी मोठी तो पुढच्या अभ्यासासाठी बाहेर जायचा आणि बहुधा तिकडेच राहायचा. जयपुरात जन्मलेले वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी आणि उदयपुरात जन्मलेले पदार्थविज्ञानी दौलतसिंह कोठारी हे दोघेही अलाहाबादेत शिकले आणि अखेर दिल्लीत स्थिरावले. आणि ही गोष्ट शिकलेल्यांची. १९५१ च्या जनगणनेत राजस्थानातल्या शंभर माणसांत लिहिता-वाचता येणारी दहाही नव्हती.

संलग्न महाविद्यालयांच्या विद्यापीठाचे काम बाहेरून पाहणाऱ्याला नीरस वाटते. मैलोगणती पसरलेल्या वाळवंटी मुलुखातली महाविद्यालये तपासायची. कोठे ग्रंथालय नाही, कोठे प्रयोगशाळेत काचेची भांडी नाहीत, हे पाहून मान्यता द्यायची किंवा रोखायची. विषयवार अभ्यासमंडळे नेमायची. प्रश्नपत्रिका काढणारा एक, तपासून पाहणारा दुसरा, छापणारा तिसरा, आणि यांतल्या कोणालाही परीक्षार्थी कोण ते ठाऊक नाही, अशी व्यवस्था लावायची. उत्तरपत्रिका बांधून दूरच्या परीक्षकाकडे पाठवायच्या, गुण एका तक्त्यावर आणायचे, कृपागुण कोणाला आणि किती याचाही लेखी नियम करायचा, आणि ठरल्या दिवशी निकाल लावायचा. यात टाळ्या पडतील असे काही नाही. वर्तमानपत्रात नाव येते ते चूक झाली तरच.

पण थोडे थांबून विचार करावा. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसनक्रमांक असतो. ठाकुरांचा मुलगा, दिवाणांचा मुलगा, बाजारातल्या कारकुनाचा मुलगा आणि गेल्याच वर्षी लाहोरहून रिकाम्या हाताने आलेल्या शिक्षकाची मुलगी, हे चौघे परीक्षकासमोर चार आकडे होऊन येतात. ज्या समाजात माणसाची ओळख सात पिढ्यांच्या वंशावळीने ठरत आली, त्या समाजात एवढी मोठी समता दुसऱ्या कोणत्या संस्थेने आणली होती? ती समता आपोआप येत नाही. त्या क्रमांकामागचे नाव कोणी विचारू लागला, मग तो कितीही मोठा असो, तर ‘ते सांगता येणार नाही’ असे शांतपणे म्हणणारा कोणीतरी त्या इमारतीत असावा लागतो. तो कोणीतरी म्हणजेच कुलगुरू. जयपुरात महाराजा सवाई मानसिंह हेच पुढे राजप्रमुखही झाले. राजवाड्याच्या इतक्या जवळ राहून विद्यापीठाचे अंतर राखायचे, हे त्या काळच्या कुलगुरूंपुढचे नाजूक काम होते.

नियमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. नियम हा जसा दुर्बळाचा आधार, तसा तो आळशाचा आडोसाही होतो. जे विद्यापीठ केवळ परीक्षा घेते, ते हळूहळू परीक्षेचा कारखाना बनते. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ साली अहवाल दिला, त्यात या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते: उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षापद्धतीची, असा त्यांचा अभिप्राय. त्याच आयोगाने कुलगुरू पूर्णवेळ आणि सवेतन असावा, असेही सुचवले. पूर्वी तसे नव्हते. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग न्यायालयाचे काम सांभाळून हे पद भूषवीत. विद्यापीठ जेव्हा शिकवू लागते, शोध घेऊ लागते, तेव्हा असा फावल्या वेळचा प्रमुख पुरत नाही. राजपुताना विद्यापीठानेही क्रमाने स्वतःचे पदव्युत्तर विभाग काढले. परीक्षा घेणारी कचेरी शिकवणारे विद्यापीठ होऊ लागली. जयपुरात पेरलेल्या या रोपाला पुढे डॉ. मोहनसिंह मेहता यांच्यासारख्यांनी १९६० ते १९६६ या काळात पाणी घातले. मेहता हे उदयपूरच्या विद्याभवनाचे संस्थापक; परदेशांत राजदूत राहून आलेला हा माणूस पुन्हा विद्यार्थ्यांत येऊन बसला.

१९५३ साली महाजनी दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९५७ पर्यंत तेथे राहिले. जयपूर आणि दिल्ली यांत रेल्वेचा एका रात्रीचा प्रवास, पण विद्यापीठांत जमीन-अस्मानाचे अंतर. दिल्लीला सर मॉरिस ग्वायर यांनी बारा वर्षे खपून महाविद्यालये आणि विद्यापीठ यांचा एक सहकारी संसार उभा केला होता. तेथे माहेश्वरी होते, कोठारी होते, रसायनशास्त्रात शेषाद्री होते, अर्थशास्त्रात व्ही. के. आर. व्ही. राव होते. जयपुरात संस्था उभी करायची होती; दिल्लीत उभ्या असलेल्या बुद्धिमंतांच्या वाटेत न येता त्यांना जागा, पैसा आणि निवांतपणा पुरवायचा होता. हे दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे समजू नये. स्वतः विद्वान असलेल्या प्रमुखाला आपल्याहून मोठ्या विद्वानाच्या मागे उभे राहणे पुष्कळदा जड जाते. आशुतोष मुखर्जींची कीर्ती कलकत्त्यात आजही टिकून आहे ती याच गुणामुळे: सरकारी हिशेबखात्यात नोकरी करणाऱ्या चंद्रशेखर वेंकट रामन यांना त्यांनी हेरले आणि १९१७ साली विद्यापीठात आणले. स्वतः आशुतोष हे गणिती होते, हेही येथे आठवावे.

त्यानंतर साठच्या दशकात महाजनी पुन्हा राजस्थानात, पण या वेळी उदयपूरला गेले. तेथे १९६२ साली कृषी विद्यापीठ म्हणून आरंभ झालेली आणि लवकरच इतर विद्याशाखाही सामावून घेणारी नवी संस्था होती. तिला आज मोहनलाल सुखाडिया विद्यापीठ म्हणतात. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे तिला साहाय्य होते. वर्ग, प्रयोगशाळा आणि शेतकऱ्याचा बांध यांना एका सूत्रात ओवायचे, ही त्या नमुन्यामागची कल्पना. चुंबकत्वाचा प्रबंध लिहिणारा गणिती साठी ओलांडल्यावर मक्याच्या वाणांची आणि विस्तारकार्याची भाषा समजून घ्यायला बसतो, हे दृश्य मनोहर आहे. कुलगुरूला सर्व विषय यायला हवेत असे नाही. प्रत्येक विषयाचा आदर मात्र करता यायला हवा.

शेवटी सत्तरच्या दशकाच्या आरंभी ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९४८ साली बॅरिस्टर जयकरांनी गणेशखिंडीतल्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये या विद्यापीठाची उभारणी आरंभली, तेव्हा महाजनी जयपुरात तशाच उभारणीत गुंतले होते. आता त्यांना ती वास्तू तयार मिळाली. पण मिळाल्या त्याच घरच्या अपेक्षाही. परगावी नियम सांगणे एक वेळ सोपे. आपल्याच गावात, आपल्याच जुन्या विद्यार्थ्यांना, स्नेह्यांना आणि नातलगांना तोच नियम सांगणे ही खरी परीक्षा असते.

अशी ही चार विद्यापीठे. परांजपे लखनौचे आणि नंतर पुण्याचे कुलगुरू होते. चिंतामणराव देशमुख १९६२ ते १९६७ या काळात दिल्लीचे. मराठी माणसे बाहेर जाऊन विद्यापीठे सांभाळतात याचा अभिमान वाटावा. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या त्या प्रदेशांनी त्यांना परके मानले नाही. गुण कोठला हे न विचारता गुण कोणता हे विचारले. ज्या विद्यापीठात कुलगुरूची जात, प्रांत आणि पक्ष यांची चर्चा त्याच्या विद्वत्तेच्या आधी होते, त्या विद्यापीठाचे भवितव्य सांगायला ज्योतिषी नको.

आज कुलगुरू नेमण्याची रीत कागदावर पूर्वीपेक्षा काटेकोर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शोधसमितीने नावे सुचवावी लागतात. उमेदवाराला प्राध्यापकपदाचा निदान दहा वर्षांचा अनुभव लागतो. १९६४ ते १९६६ या वर्षांत कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, कुलगुरू हा नामवंत शिक्षणतज्ज्ञ किंवा विद्वान असावा, असा आग्रह धरला होता. त्याला हे धरूनच आहे. पण नियम माणूस शोधून देतो, माणूस घडवून देत नाही. पदे दीर्घकाळ रिकामी राहतात, हंगामी प्रमुखांवर कारभार चालतो, प्रश्नपत्रिका फुटल्याच्या बातम्या येतात, निकाल महिनोन्महिने लांबतात. याची किंमत कोण भरतो? ज्याच्या घरी पैसा आहे तो मुलाला परदेशी पाठवतो. ज्याच्या घरी चिठ्ठी देणारा मामा आहे तो चिठ्ठी मिळवतो. ज्याच्याजवळ आसनक्रमांकाखेरीज दुसरे काही नाही, त्याचेच तेवढे सर्वस्व जाते. नियम ढिला पडला की कृपेचा जुना कारभार मागल्या दाराने परत येतो.

म्हणून आमची आईबापांना विनंती आहे. मुलामुलींसाठी विद्यापीठ निवडताना आपण इमारती पाहतो, वसतिगृह पाहतो, नोकऱ्यांचे आकडे विचारतो. ते योग्यच आहे. त्यांत आणखी दोन प्रश्नांची भर घालावी. येथले निकाल वेळेवर लागतात काय? येथे तक्रार केली तर लेखी उत्तर मिळते काय? या दोन साध्या प्रश्नांच्या उत्तरांत त्या विद्यापीठाच्या प्रमुखाचे चरित्र लिहिलेले असते. आणि आपल्या मुलाला दोन गुण कमी पडले म्हणून ओळखीपाळखी शोधायला निघण्यापूर्वी हेही मनात आणावे की, आपण जो नियम आपल्या मुलासाठी वाकवायला सांगतो, तोच नियम दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचा एकमेव आधार असतो. कुलगुरूने सचोटीने वागावे असे वाटत असेल, तर त्याला सचोटीने वागू देणारा समाजही आपणच व्हायला हवे.

राजा पार्कच्या क्रमांकांच्या गल्ल्यांतून त्या पहिल्या पिढीची नातवंडे-पतवंडे आज जगभर पांगली आहेत. कोणी डॉक्टर, कोणी अभियंता, कोणी शिक्षक. ज्यांनी त्यांच्या आजोबांचे गुण तक्त्यावर बिनचूक चढवले आणि ज्यांनी ते काम निर्वेध चालू दिले, त्यांची नावे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असतील. त्यात खेद करण्यासारखे काही नाही. चांगल्या कुलगुरूचे स्मारक पुतळ्यात नसते. कोणाचीही ओळख नसलेला एक मुलगा परीक्षेला बसतो आणि आपल्याला न्याय मिळेल याविषयी त्याच्या मनात शंकाही येत नाही. त्या निःशंकपणात ते स्मारक असते.